टॉबी, मिठू आणि खोतीण

या सदरात आजवर आपण मुलांच्या अभ्यासावर बोललो, लग्नातल्या खर्चावर बोललो. सासू-सुनेवर तर इतके बोललो की आता पुरे करा असे संपादकांनाच सांगावे लागले. आज जरा वेगळा विषय घेते. हसू नका भगिनींनो, विषय आहे घरात एखादे जनावर पाळण्याचा. आमच्या घरी सहा-सात महिने याच एका प्रश्नावर खल चालला होता आणि त्यातून जे बाहेर आले ते मला तुम्हाला सांगावेसे वाटले.

सुरुवात भिंतीवरच्या फोटोपासून झाली. तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. फेब्रुवारी १९३४ मधला, दादरच्या राजगृहातला. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत घरचा लाडका कुत्रा टॉबी. रमाई पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी गेल्या. म्हणून त्या फोटोकडे पाहताना आपली नजर त्यांच्यावर येऊन थांबते. कुत्र्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. आमच्या धाकटीने पाहिले. जयंतीच्या आदल्या दिवशी फोटो पुसायला तिच्या हातात दिला होता.

"आई, हा कुत्रा कोणाचा गं?"

"बाबासाहेबांचा. टॉबी नाव त्याचं."

"त्यांना आवडायचा?"

"आवडायचा म्हणूनच घरच्यांबरोबर फोटोत आहे ना!"

"मग आपल्याकडे का नाही?"

मला उत्तर देता येईना. वेळ नाही म्हणावे, तर बाबासाहेबांपेक्षा आम्हाला कामे जास्त आहेत असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आमचे घर डोंबिवली पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. हे सकाळी सात-सव्वासातची फास्ट धरतात ते रात्री आठपर्यंत बाहेर. मी कल्याणला एका कार्यालयात, संध्याकाळी साडेसहाला येते. थोरला शिकायला पुण्याला. म्हणजे दुपारी शाळेतून आली की धाकटी आणि माझ्या सासूबाई, दोघीच घरात. दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले आणि तेव्हापासून सासूबाईंचे बोलणे जवळजवळ थांबले. टीव्ही लावून बसतात, पण बघत नाहीत. मामंजींची वेताची आरामखुर्ची गॅलरीच्या दाराशी आहे, तिच्यावर कोणी बसलेले त्यांना चालत नाही. पोरगी सहावीतली. तिने तरी बोलायचे कोणाशी? कुत्र्याचा हट्ट हा नुसता हट्ट नव्हता, हे मला कळत होते.

सासूबाईंना विचारले. त्या एवढेच म्हणाल्या, "कुत्रं नको." का नको, ते सांगितले नाही.

ह्यांनी पोपट सुचवला. पोपट म्हटल्यावर मला माझे माहेर आठवले. परळची आमची चाळ. तेव्हा दर दोन-तीन दारांआड एक पिंजरा टांगलेला असायचा. आमच्या शेजारच्या काकांचा मिठू येणाऱ्या-जाणाऱ्याला "जयभीम" घालायचा. पोस्टमनला घालायचा, हप्ता मागायला येणाऱ्या पठाणालाही घालायचा. सगळ्या चाळीला त्याचा अभिमान! एकदा पिंजऱ्याचे दार दिवसभर उघडे राहिले. मिठू दारात येऊन बसला, पण उडाला नाही. आम्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या, किती माया लागलीय बघा म्हणून. त्याचे पंख कापलेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आता तर प्रश्नच नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट, लाल चोचीचा आणि गळ्याला कंठ असलेला, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. २०२२ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला विकत घेणेही गुन्हा आणि पाळणेही गुन्हा, दोन्हीला तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. मोठा करण पोपटही यातच आला. मुनिया, मैना हे आपल्याकडचे पक्षीही पिंजऱ्यासाठी नाहीत. दुकानात जे रंगीत लव्हबर्ड, बजरीगर मिळतात ते परदेशी जातीचे, त्यांची गोष्ट वेगळी. पण मिठू आठवल्यावर मला कोणताच पिंजरा घरात नको होता.

मग मासे आणले. काचेचे गोल भांडे, तळाला रंगीत खडे, आणि दोन सोनेरी मासे. दुकानदार म्हणाला, काही त्रास नाही ताई, रोज पाणी बदला आणि चिमूटभर दाणे टाका. पोरीने इमानाने रोज सगळे पाणी बदलले, खडे घासून धुतले. आठव्या दिवशी एक मासा उलटा तरंगत होता, दहाव्या दिवशी दुसरा. पोर इतकी रडली की शेजारच्या वहिनी धावत आल्या. तिला वाटले आपणच मारले.

आणि खरे सांगायचे तर आम्हीच मारले होते, फक्त चूक तिची नव्हती. थोरल्याने पुण्याहून फोनवर समजावून सांगितले. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि त्याने त्यांचे कल्ले जळतात. टाकीत काही उपकारक जिवाणू वाढले तर ते त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यातले शेवटचे बरेच निरुपद्रवी. पण हे जिवाणू खड्यांवर आणि गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण रोज सगळे धुऊन काढतो म्हणजे त्यांनाच धुऊन काढतो, आणि वर नळाचे क्लोरिन घातलेले पाणी ओततो! पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून वापरावे, आणि एका वेळी चौथा हिस्साच बदलावा. शिवाय सोनेरी मासा वीतभर वाढतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षे आणि जास्तही जगतो, त्याला गोल भांडे म्हणजे माणसाला न्हाणीघर. भगिनींनो, मुलांना मासे द्यायचेच असतील तर आधी टाकी, पंप आणि गाळणी आणा, महिनाभर थांबा आणि गप्पीपासून सुरुवात करा. गप्पी चिवट असतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून पालिकाही त्यांना साचलेल्या पाण्यात सोडते. आमचे गोल भांडे आता माळ्यावर आहे.

यानंतर एका रविवारी आम्ही तिघे एका दुकानात गेलो. कुठले ते सांगत नाही. आमच्या लहानपणी कुत्री-पक्षी म्हटले की क्रॉफर्ड मार्केट एवढेच ठाऊक होते. त्या मंडईला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे हेही पुष्कळांना ठाऊक नव्हते. आता उपनगरांतही दुकाने झाली आहेत. तिथे एका ताटलीत रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी हिरवी कासवे होती, कानाजवळ लाल पट्टा असलेली. धाकटी तिथेच अडकली. दुकानदार म्हणाला, एवढेच राहते. साफ खोटे! ते अमेरिकेतले कासव. जेवणाच्या ताटाएवढे होते आणि तीस-तीस वर्षे जगते. मग लोक कंटाळून ते तलावात सोडतात आणि ते आपल्याकडच्या कासवांचे खाणे आणि जागा बळकावते. आपले पिवळ्या चांदण्यांचे कासव तर पैसा येतो म्हणून काही लोक चोरून पाळतात. ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पैसा येणे बाजूलाच राहिले, वकिलाला जाईल.

त्याच दुकानात एका खोक्यात पिल्ले होती. डोळे नुकते उघडलेली, एकमेकांना बिलगून थरथरत होती. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. यांना महिना तरी झाला असेल की नाही, कोण जाणे. मी वय विचारले तर दुकानदार म्हणाला, "ताई, लहान घेतलं की लळा लवकर लागतो." पिल्लाला त्या आठ आठवड्यांत आईचे दूध लागते. चावायचे किती आणि थांबायचे कुठे, हेही ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे आजारी तरी पडते किंवा सारखे चावते तरी.

आणि किती जाती! आपल्याकडे कुत्र्यांचीही फॅशन येते. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि घरोघरी टफीसारखी पांढरी पॉमेरियन आली. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग त्या मुलाच्या मागे चालू लागला, की सगळ्यांना पग हवा. त्या बिचाऱ्याला नाक चपटे असल्यामुळे नीट श्वास घेता येत नाही, उन्हाळ्यात तर धाप लागून जीव जातो, हे जाहिरातीत कोण दाखवणार? आता हस्कीची हौस आहे. बर्फातला कुत्रा, डोंबिवलीच्या मे महिन्यात! स्टेशनवरून घरी येईपर्यंत आपल्याला घाम फुटतो, त्याने अंगावरचा तो कोट काढून कुठे ठेवायचा?

कुत्रा घ्यायचाच तर रस्त्यावरचा, आपल्या मातीतला घ्यावा, असे आमचे मत ठरू लागले. त्याला इथली हवा मानवते, तो सहसा आजारी पडत नाही. आपल्या डोंबिवलीत ‘पॉज’सारखी प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे. अशा ठिकाणी चौकशी केली तर योग्य पिल्लू मिळू शकते.

इतक्यात धाकटीने ही बातमी मैत्रिणींना सांगितली आणि मैत्रिणींकडून ती सोसायटीच्या कार्यालयात पोचली. सेक्रेटरींनी ह्यांना जिन्यात गाठले. "कुत्रा आणताय म्हणे? जनरल बॉडीची परवानगी लागेल. आणि मिळेल असं वाटत नाही." इथपर्यंत ठीक होते. पण बाजूला उभे असलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "तुमच्याकडे काय, सगळंच चालतं." काय चालते, हे त्यांनी सांगितले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. बारा वर्षे आम्ही त्या इमारतीत राहतो.

हे घरी आले ते लालबुंद होऊन. रात्री जेवणे झाल्यावर कागद काढून बसले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक त्यांनी शोधून काढले. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. संविधानाचे कलम ५१-अ (छ) त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ही कर्तव्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली, मूळ मसुद्यात नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. आणि शेवटी म्हणाले, "आता तर कुत्रा आणणारच!"

मला हे पटले नाही. त्याच परिपत्रकात पाळणाऱ्याचीही बाजू सांगितली आहे. कुत्रा बाहेर नेताना पट्टा हवा, त्याची घाण आपण उचलायला हवी, लसी वेळेवर हव्यात. त्यात महापालिकेकडे नोंद करण्याचे काम आलेच. रोज पहाटे आणि रात्री कोण नेणार? सात-सव्वासातची गाडी धरणारा माणूस? कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. बारा वर्षे रोज दोन वेळा तीन जिने उतरायचे, तेही एका गृहस्थाच्या एका वाक्यासाठी? सोसायटीशी भांडायचे असेल तर जरूर भांडावे. त्या भांडणात मुका जीव कशाला हवा? यावरून आमचे दोघांचे चांगलेच वाजले.

आम्ही तावातावाने बोलत होतो आणि सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि पोटरी पुढे केली. तिथे एक जुना, वेडावाकडा व्रण आहे. बावीस वर्षे मी तो पाहत आले. मला वाटायचे कोयता लागला असेल.

"खोताचं कुत्रं," त्या म्हणाल्या.

त्यांचे माहेर खेडच्या बाजूचे. साल १९५५ च्या आसपासचे असावे, त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. खोती कायद्याने गेली होती. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात ती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. ती प्रत्यक्षात जायला १९४९ चा कायदा यावा लागला. पण गावात खोत तो खोतच.

"विहीर वाडीच्या वर. आमी पायरीखाली हंडे लावून बसायच्या. वरची कुणी बाय आली, तिच्या मनात आलं, तर वरनं वतायची. न्हायतर बसा दुपारपत्तुर. आन खोताचं कुत्रं यायचं, कट्ट्यावर चढायचं, डोणीत तोंड घालायचं. त्याला कुणी हाड म्हटलं न्हाय. एक दिस म्या म्हटलं, कुत्रं पितं तर मी का नको? लावला डोणीला हात. त्यांनी कुत्रं सोडलं."

"मग?" धाकटीने विचारले. ती झोपली असेल असे आम्हाला वाटले होते.

"मग काय बाय. हळद भरली. मायनं मलाच मारलं, हात का लावलास म्हणून."

संविधान लागू होऊन पाच वर्षे झाली होती तेव्हा. महाडच्या चवदार तळ्याला तर २० मार्च १९२७ रोजीच ओंजळ लागली होती. तिथेही हेच होते. गुरेढोरे तळ्यावर पाणी पीत, कुत्री पीत, आपली माणसे तेवढी नाही. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हा बाबासाहेबांनी हेच तोंडावर सांगितले, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी आपली मायभूमी कशी म्हणू? हे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे, भाषणांत ऐकलेले आहे. पण त्यानंतर तीनच वर्षांच्या आत राजगृहात काढलेल्या घरच्या फोटोत एक कुत्रा आहे आणि त्याला नाव आहे, हे दोन्ही मी एकत्र ठेवून कधी पाहिले नव्हते. त्या रात्री मी उठून फोटोसमोर जरा वेळ उभी राहिले.

धाकटीने आजीला विचारले, "तुला म्हणून कुत्रा आवडत नाही?"

"त्याला काय कळतंय गो? सोडणारा मानूस व्हता." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पन रातचं घरात भुंकलं, तर मला निज यायची न्हाय."

ह्यांनी कागद गुंडाळून ठेवले. कुत्र्याचा विषय तिथे संपला.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती कोणाच्या तरी जिवाची आहे. सासूबाईंचे नशीब की ते कुत्रे पिसाळलेले नव्हते. कुत्रे असो, मांजर असो, माकड असो, चावले किंवा नुसते ओरबाडले तरी जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट काही भरायचे नाही. आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. आपल्याकडे पालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई आहे. इंजेक्शने आता पोटात देत नाहीत, दंडात देतात. पहिल्या दिवसापासून ठरलेल्या तारखांना ती सगळी पूर्ण करायची. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच आणखी एक औषध भरतात. तेही टाळायचे नाही. घरचे पिल्लू चावले म्हणून दुर्लक्ष करू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही.

तर मग आमच्या घरी आले कोण? ते आणले खुद्द सासूबाईंनी, आणि कोणालाही न विचारता.

बुधवारी-रविवारी त्या मासळी आणायला जातात. त्या दिवसांत तेवढेच त्यांचे बाहेर पडणे. त्यांची एक ठरलेली मासळीवाली आहे. तिच्या पाटीखाली मांजरीची पिल्ले होती. बाकीची गेली, एक उरले, डोळा चिकटलेला, म्हणून कोणी नेईना. "ने गं आजी, पुण्य लागेल." सासूबाई म्हणाल्या, "पुण्याचं नको सांगू, बोंबील चार जास्त घाल." आणि पिशवीत वरती पिल्लू, खाली बोंबील, अशा घरी आल्या.

संध्याकाळी मी आले तर दोघी जमिनीवर पालथ्या. कोमट पाण्याच्या बोळ्याने डोळा पुसणे चालले होते. आणि सासूबाई बोलत होत्या! दोन वर्षांत बोलल्या नसतील इतके.

"खोताचं कुत्रं आमच्याकडं आलं न्हाय कदी. पन मांजर यायचं हां. आमच्या सुकटीचा वास सुटला की उतरलंच वाडीवर. आमच्या चुलीपाशी बोंबलाचं डोसकं खायचं, तोंड चाटायचं, आन तेच तोंड घेऊन वर खोतिणीच्या दुधाच्या तपेल्यात! रोज त्यांचं घर बाटत व्हतं आमच्या उष्ट्यानं, आन त्यास्नी पत्ता न्हाय!" आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मामंजी गेल्यानंतर पहिल्यांदा.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या, काळे मांजर आहे, सकाळी आडवे गेले तर बरे नसते. आमच्या ह्यांना ते रोज सकाळी आडवे जाते. गाडी चुकते ती सिग्नल बिघडल्यामुळे.

मांजर पाळणे सोपे, असे मला वाटत होते. तितके सोपे नाही. आम्ही पहिल्या दिवशी बशीभर दूध दिले, दुसऱ्या दिवशी जुलाब. डॉक्टरांकडे नेले. माझ्या माहेरी असते तर सरळ परळच्या बैलघोडा रुग्णालयात नेले असते. बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे हे दवाखाने इंग्रजांच्या काळापासून जनावरांवर उपचार करीत आले आहे. इथल्या डॉक्टरांनी सांगितले, गाईचे दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, पाणी द्या. मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर, वरणभातावर ते नीट जगत नाही. त्याच्या शरीराला मांस-मासळीतलेच काही घटक लागतात, नाहीतर डोळे आणि हृदय बिघडते. मासळी उकडून, काटे काढून द्यायची. कांदा-लसूण असलेले कालवण द्यायचे नाही. आणि हे लक्षात ठेवा, ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधी देऊ नका. अर्धी गोळीही त्याला विष आहे.

गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवली, कारण वरच्या मजल्यावरून मांजर नेहमी चार पायांवरच पडते हे खरे नाही. माझी नणंद दिवसांत आहे. ती माहेरपणाला आली तेव्हा तिला घाणीच्या ट्रेला हात लावू दिला नाही. मांजराच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला अपाय करणारा एक रोग होऊ शकतो. ट्रे दुसऱ्याने रोज साफ केला आणि हात धुतले की भीती नाही. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

तीन महिन्यांची झाल्यावर तिला रेबीजची लस दिली, आता दरवर्षी द्यायची. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मांजरी पाच-सहा महिन्यांची होण्याआधीच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत चार-पाच पिल्ले घालते. ती पिल्ले मग पुन्हा कोणाच्या तरी पाटीखाली. ऑपरेशनला सासूबाईंचा आधी विरोध होता. "बाईमानसाला काय कापायचं!" मी म्हटले, "आत्या, तुमची सहा बाळंतपणं झाली." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "कर."

धाकटीने तिचे नाव टॉबी ठेवले. वहीवर लिहिले, दारावर चिठ्ठी लावली. पण टॉबी म्हणून हाक मारली तर मांजर कान हलवत नाही. कारण नाव सासूबाईंनी आधीच ठेवले होते. दुसऱ्याच आठवड्यात ती मामंजींच्या खुर्चीवर चढली आणि पाय दुमडून, डोळे मिटून बसली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. सासूबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

"बस खोतिणी, बस," त्या म्हणाल्या. "तुज्याकडं भाडं कोन मागतंय?"